तिसऱ्या हाताला दहा

पोह्यांच्या डब्याचं झाकण हातातून निसटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. थांबता थांबेना. बाहेरच्या खोलीत चौघं पत्ते हातात धरून बसले होते आणि घड्याळाशिवाय कशाचाही आवाज नव्हता, कारण गुंजन विचार करत होती.

"देवश्री, हळू जरा," पुष्कर म्हणाला. माझ्याकडं न बघताच.

मी झाकणावर पाय ठेवला. आवाज बंद झाला. मग गुंजन म्हणाली, "तीन बिनहुकूम," आणि पुष्करच्या तोंडावर हसू आलं ते मी दारातून पाहिलं. ते हसू मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी मी नेमकी बोली लावली की ते माझ्यासाठी यायचं. मधल्या काळात आमच्या लेकीला, रागूला, पहिला दात आला तेव्हा एकदा दिसलं होतं.

आमच्या घरी रविवारी दुपारी ब्रिज असतो. औंढ्यात दुसऱ्या कुणाच्या घरी असेल असं मला वाटत नाही. माझे सासरे, मार्तंडराव, सिद्धेश्वर धरणावर नोकरीला होते. तिथल्या वसाहतीत कुणी इंजिनिअर साहेब चौथा गडी मिळेना म्हणून यांना हाताला धरून बसवायचे. साहेब बदलून गेले, धरणातला गाळ वाढला, मामंजी रिटायर झाले, पण ब्रिज घरात राहिला. त्यांनी पुष्करला शिकवला. लग्न होऊन मी जवळा बाजारहून इथं आले तेव्हा मला पत्त्यांतलं गुलामचोर आणि सात-आठ एवढंच येत होतं. मामंजींनी मला स्वयंपाकघरात बसवून तुरीचे दाणे मांडून शिकवलं. एक्क्याला चार दाणे, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. सगळ्या डावात मिळून चाळीस. "चाळीस कधी एकेचाळीस होत न्हाईत पोरी," ते म्हणायचे, "म्हणून समोरच्यांनी किती बी लपवलं तरी मोजणाऱ्याला सापडतंच."

आणि मला सापडायचं. मी पुष्करच्या समोर बसायचे. ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. पत्ते दाखवायचे नाहीत, खूण करायची नाही. बोलायला मोजून दहा-बारा शब्द, एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकूम, पास. तेवढ्यात सांगायचं की माझ्याकडं काय आहे, आणि समोरच्यानं ते ओळखायचं. आता पुष्कर आणि मी दिवसाकाठी कितीतरी शब्द बोलतो. गॅसचा नंबर लावला का, रागूची पाटी कुठंय, दूध नासलं. पण त्या दहा-बारा शब्दांत तो मला जितका सापडायचा, तितका पुढं कधी सापडला नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही नांदेडच्या जोड्यांच्या स्पर्धेला गेलो होतो. चोवीस जोड्यांत अकरावे आलो. परतीच्या एसटीत वसमत येईपर्यंत पुष्कर एकेक डाव परत मांडून दाखवत होता, माझ्याच तळहातावर बोटानं. रागू तेव्हा पोटात होती, पण ते आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. मग माझी खुर्ची सुटली. अंगावर पिणारं लेकरू घेऊन बावन्न पत्ते ध्यानात राहत नाहीत. पुष्कर म्हणाला होता, "रागू पाच वर्षांची झाली की परत आपणच. नांदेडला."

रागू जूनमध्ये पाच वर्षांची झाली.

मधल्या काळात माझ्या खुर्चीवर गावातले दोघं-तिघं बसून उठले, कुणी टिकलं नाही. मागच्या वर्षी पुष्कर शिकवतो त्या कॉलेजात गुंजन आली. अमरावतीची, कॉम्प्युटर शिकवते. वडिलांसोबत लहानपणापासून ब्रिज खेळलेली. हातात बांगडी नाही, मोठं घड्याळ. पत्ते उचलले की एकदा बघते आणि मिटूनच टाकते. परत उघडून बघत नाही. मला हे कधी जमलं नाही. मी रंगाप्रमाणे लावून, पंख्यासारखे पसरून, चारदा बघते. ती पुष्करला पुष्कर म्हणते. मी सासऱ्यांसमोर 'अहो' म्हणते, त्यामुळं आमच्या घरात त्याचं नाव सगळ्यात जास्त तिच्याच तोंडून ऐकू येतं.

नांदेडची नावं सोमवारपर्यंत पाठवायची होती. पुष्कर आठवडाभर म्हणत होता, "रविवारी ठरवू." म्हणून त्या दिवशी मी पोहे टाकता टाकता कान बाहेर ठेवून होते.

तेवढ्यात गुलाबचंदकाकांचा फोन वाजला. हे मामंजींचे भिडू. बसस्टँडजवळ त्यांचं कापडाचं दुकान आहे. फोन कानाला लावून ते उभेच राहिले.

"मार्तंडराव, बस्त्याचं गिऱ्हाईक आलंय. नवरीकडचे अठरा जण हायेत म्हणे. आता दोन तास मी मेलो."

"अहो, पण डाव?"

"डाव का पळून जाऊन राहिला? पाव्हणे पळतात." चप्पल घालता घालता त्यांनी मला हाक मारली. "देवश्रीबाई, बसा माझ्या जागी. गादी गरम हाय."

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. "बस पोरी. बघू हात राहिलाय का."

मी गॅस बंद केला. हात पुसले. पोह्यांचा गंध बोटांना होताच. रागूला मांडीवर घेऊन बसले, कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भजनाला गेल्या होत्या आणि तिला एकटीला सोडलं तर ती माठात हात घालते. तिच्या केसांना सकाळचं खोबरेल होतं. तिनं बोट ओठांवर ठेवून मला दाखवलं, की तिला ठाऊक आहे, पत्त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही.

माझ्यासमोर मामंजी. डावीकडं पुष्कर. उजवीकडं गुंजन. सहा वर्षांत मी पहिल्यांदा त्या टेबलाशी बसले होते, आणि नवऱ्याच्या विरुद्ध.

पहिल्याच डावात मी चौकट असून किलवर टाकलं.

"वहिनी, चौकट हाय का बघा एकदा," गुंजन हळूच म्हणाली. होतं. दुसऱ्या पानाला चिकटून बसलं होतं. तिनं मला वाचवलं, आणि मला ते शिवी दिल्यासारखं लागलं.

"वैनीला सवय होईल," पुष्कर म्हणाला. चेष्टेनं. बायकोला वैनी.

"व्हय भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्यासारखी."

मामंजी हसले. गुंजनही हसली. पुष्करनं शेंगांची वाटी उचलून तिच्याकडं सरकवली. माझ्या पुढून नेली ती वाटी.

दुसऱ्या डावापर्यंत हात वळायला लागला. तिसऱ्यात तर त्या दोघांचा डाव मी एका हातानं बुडवला, पुष्करचा राजा दोन हात आधीपासून ताडून. "अरे वा," तो म्हणाला. नुसतं अरे वा. पण माझे कान तापले. मी मनात नांदेडची बॅगसुद्धा भरली. रागू दोन दिवस आत्याबाईंजवळ राहील. आता राहते ती, गोष्ट सांगितली की राहते.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. रागू आणि मी पुष्करसोबत गुलामचोर खेळतो. ज्याच्याकडं शेवटी एकटा गुलाम उरतो तो चोर. पुष्कर मोठा ब्रिज खेळणारा, पण गुलाम त्याच्या हातात आला की तो पाणी पितो. दर वेळी. तहान नसली तरी. त्याला ते ठाऊक नाही. रागूला पहिल्यांदा मीच दाखवलं होतं, कानात सांगून, आणि तेव्हापासून ते आमच्या दोघींचं गुपित आहे. बाबांनी ग्लास उचलला की ती माझ्या दंडाला चिमटा काढते.

ब्रिजमध्ये भिडूचं तोंड वाचायचं नसतं. तो अडखळला, त्यानं उसासा टाकला, तरी तुम्ही ते बघितलंच नाही असं खेळायचं. समोरच्या जोडीचं तोंड मात्र वाचायची मुभा आहे. चुकलात तर चूक तुमची. म्हणजे पाच वर्षं वाट बघून मी नवऱ्याच्या विरोधात बसले, तेव्हा कुठं मला त्याच्याकडं डोळे भरून बघायची परवानगी मिळाली.

चौथा डाव पुष्करनं वाटला.

"पास," तो म्हणाला.

"पास," मामंजी.

"एक बदाम," गुंजन म्हणाली. पत्ते मिटलेलेच.

माझ्याकडं पाच इस्पिक होते, एक्का आणि गुलामासकट. मोजून पंधरा दाणे. "एक इस्पिक."

पुष्कर पास. मामंजींनी भुवई वर केली. "तीन इस्पिक."

गुंजन पास. मी चार म्हटलं. चारचा अर्थ, तेरापैकी दहा हात मी करणार. तीनपेक्षा एक जरी जास्त गेला तरी बुडाले.

पुष्करनं बदाम उतरवला. मामंजींनी त्यांचे पत्ते टेबलावर उघडे मांडले, कारण ज्याच्या भिडूची बोली राहते तो डमी. त्यानं पत्ते दाखवायचे आणि डाव संपेपर्यंत गप्प राहायचं.

"डमीला सगळं दिसतं, बोलता येत न्हाई," मामंजी म्हणाले आणि टेकून बसले. "सासऱ्यासारखं. आता हा शेवटचा शब्द."

त्यांचे अकरा दाणे होते. माझे पंधरा. सव्वीस. गुंजननं बदामच्या राजानं एक हात घेतला, मग एक्क्यानं दुसरा. दोन गेले. मग तिनं चौकट टाकलं. मी राजा ठेवला. त्यावर पुष्करचा एक्का पडला. तीन गेले. त्यानं परत चौकट टाकलं, ते मी राणीनं घेतलं. आता एकही हात जायला नको होता. आणि बाहेर एकच पान मला मारणारं होतं. हुकमाची राणी. इस्पिकची.

राणी पुष्करकडं असेल तर मी माझ्या हातातून गुलाम टाकायचा, ती गुलाम आणि मामंजींचा राजा यांच्या मधोमध अडकते. गुंजनकडं असेल तर आधी मामंजींचा राजा खेळायचा आणि मग त्या बाजूनं तिच्यावर यायचं. दोन्ही रस्ते उघडे होते. एक निवडला की दुसरा बंद.

मी मोजलं. चाळीसातले सव्वीस आमचे. राहिले चौदा. पुष्करच्या एक्क्याचे चार गेले. राहिले दहा. सगळेच्या सगळे गुंजनकडं असले तरी दहाच. आणि उघडायला, म्हणजे पहिली बोली लावायला, तर बारा लागतात. मला तेच शिकवलं होतं.

आता ब्रिजचा एक रिवाज आहे, जो मला सगळ्या खेळात जास्त आवडायचा. दोन भिडूंत गुपित चालत नाही. तुमच्यात काही ठरलेलं असेल तर समोरच्यांना विचारायचा हक्क आहे, आणि जिनं बोली लावली तिच्या भिडूनं उत्तर द्यायचं. खरं द्यायचं.

मी पुष्करकडं वळले. "गुंजनच्या एक बदामचा अर्थ काय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा नीट. मग गुंजनकडं बघितलं. मग ग्लास उचलला आणि पाणी पिला.

रागूनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"तिसऱ्या हाताला," तो म्हणाला, "म्हणजे आधीचे दोघं पास झाले असले तर, आम्ही दहावर उघडतो. दहाच्या खाली नाही."

आम्ही.

"हे कधी ठरलं?"

"असं विचारता येत नाही," पुष्कर म्हणाला. "बोलीचा अर्थ विचारता येतो. कधी ठरलं, कुठं ठरलं, हे नियमात नाही."

"सांग ना रे, त्यात काय एवढं," गुंजन म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं वहिनी. फोनवर. रोज सराव करून राहिलो होतो ना आम्ही."

दिवाळीच्या सुट्टीत मी भाऊबीजेला जवळा बाजारला गेले होते. आठ दिवस. पुष्कर म्हणाला होता, पेपर तपासायचे आहेत, तू जा. मी रोज संध्याकाळी फोन लावायचे. तो व्यस्त लागायचा. मला वाटायचं रेंज नसेल, आमच्या माहेरच्या आळीत रेंजची तकलीफ आहेच. मी जिन्यावर जाऊन परत लावायचे.

आता मी पत्ते बघत होते, पण पत्ते दिसत नव्हते. मला जिना दिसत होता.

हिशोब पोरखेळ होता. तो खरं बोलत असेल तर गुंजनकडं दहा पाहिजेत. बदामच्या एक्का-राजाचे सात तिनं दाखवलेच होते. राहिले तीन, म्हणजे राणीचे दोन आणि चौकटच्या गुलामाचा एक. राणी तिच्याकडं असल्याशिवाय दहा होतच नव्हते. रागूला दाणे दिले असते तरी तिनं सांगितलं असतं.

पण तो पाणी पिला होता.

हा माणूस मला सात वर्षं ठाऊक आहे. लपवायचं असलं की त्याचा घसा कोरडा पडतो. म्हणजे राणी त्याच्याकडं आहे आणि दहाची थाप मारतोय. दिवाळीभर ज्यानं मला सांगितलं नाही, तो आता का खरं सांगेल? आणि खरं सांगू तर, मला राणी त्याच्याकडंच पाहिजे होती. मला ती त्याच्या हातातून सगळ्यांसमोर काढायची होती. गुंजनसमोर. तुला त्याची बोली कळत असेल, पण त्याचा घोट मला कळतो.

मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. डमीला तेवढंच करता येतं.

मी इस्पिकचा गुलाम टाकला.

पुष्करनं दुर्री टाकली. शांतपणे. मामंजींची चव्वी मी खाली सोडली. गुंजननं तिचे मिटलेले पत्ते उघडले, एक ओढला, आणि गुलामावर राणी ठेवली. आपटली नाही. हळूच ठेवली, झोपलेल्या लेकराजवळ काही ठेवावं तशी.

"सॉरी वहिनी."

एक हात बुडाले.

बाकीचे हात मी कसे खेळले आठवत नाही. मामंजींना बोलायची मुभा मिळाली तेव्हा ते रागावले नाहीत. ते वाईट होतं.

"पोरी, त्यानं तुला दहा सांगितले."

"हो."

"चौदातून चार गेले की किती राहतात?"

"दहा."

"मग? राणी गुंजनकडं न्हाई तर कुठं राहील, नागनाथाच्या गाभाऱ्यात?"

मी पत्ते गोळा करायला लागले. रागूला आईनं बोलणी खाल्लेली बघवली नाहीत. तिनं माझी बाजू घेतली.

"पण आजोबा, बाबांनी पाणी पिलं ना! गुलाम असला की बाबा पाणी पितात. आईनंच मला सांगितलंय."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग गुंजन इतकी हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. "अरे देवा, पुष्कर! हे तर नांदेडला महागात पडन. याला तिथं बाटली नेऊच द्यायची न्हाई."

"नांदेडला?" मी म्हटलं.

"व्हय ना, दोन दिवस हाय..." आणि मग तिला माझं तोंड दिसलं. तिचं हसू तिथंच थांबलं. ती पुष्करकडं वळली. "काहून रे, सांगितलं न्हाई तू? शुक्रवारीच तर नावं पाठवली आपली."

मामंजी पुष्करकडं बघत होते, आणि त्यांनाही ठाऊक नव्हतं हे मला त्यांच्या बघण्यावरून कळलं. गुंजननं तिची पर्स उचलली. तिला काही माहीत नव्हतं, हेसुद्धा मला दिसलं. ती पोरगी त्या दुपारी एकही खोटा शब्द बोलली नव्हती. तिचा राग करायला तेवढी तरी जागा हवी होती मला, तीही मिळाली नाही.

"वहिनी, मला वाटलं तुमाला..."

"पोहे खाऊन जा," मी म्हटलं. "झालेच आहेत."

ती थांबली नाही. तिची स्कूटी देवळाच्या मागच्या गल्लीतून गेली. मामंजी उठले, पत्ते डब्यात घातले, डबा फळीवर ठेवला. जाता जाता पुष्करला म्हणाले, "मुंजाजीच्या कट्ट्यावर जाऊन येतो. तोपर्यंत तुजं तू निस्तर." आणि गेले.

मी स्वयंपाकघरात आले. पोहे गार होऊन एकमेकांना चिकटले होते. त्यावर पाण्याचा हबका मारला आणि गॅस लावला. पुष्कर दारात येऊन उभा राहिला. मघाशी मी उभी होते तिथंच.

"सांगणार होतो."

"कधी? बसमध्ये बसल्यावर?"

"देवू, तुझा हात सुटलाय. पाच वर्षं. नांदेडला लोक वर्षभर खेळून येतात."

"मग ठरवू कशाला म्हणालात? आठ दिवस 'रविवारी ठरवू, रविवारी ठरवू'. मी तिथं बसून परीक्षा देत होते, आणि निकाल शुक्रवारीच लावून ठेवलेला!"

"तू तिसरा डाव छान खेळलीस."

"असं करू नका."

मी पोहे परतत होते. रागू ओट्याखाली बसून ते झाकण फिरवत होती. फिरवायची, पडू द्यायची, परत फिरवायची.

"खरं सांगू?" तो म्हणाला.

"बोलीचा अर्थ विचारलाय. सांगावाच लागतो."

तो हसला नाही. "तू समोर असलीस की मला खेळता येत नाही. तेव्हाही यायचं नाही. तू पत्ते बघतच नाहीस, देवू. तू मला बघतेस. मी अडखळलो की तुला कळतं, घाबरलो की कळतं. नांदेडला शेवटच्या डावात तू माझं तोंड बघून पास म्हटलीस. बरोबर निघालं. पण ते आपलं नव्हतं. मी नियमाचं नाव काढलं नाही, पण मला ते वर्षभर टोचत होतं. गुंजन मला बघतच नाही. तिला फक्त मी काय बोललो ते ऐकू येतं. दोन तास मला कुणी बघत नाही, तेवढं बरं वाटतं मला."

एसटीत माझ्या तळहातावर डाव मांडणारा माणूस तेव्हाच मला घाबरला होता. आणि मी ज्याला आमचं म्हणत होते, त्याच्यापासून त्याला सुटी हवी होती. तेही ज्या बाईसमोर मिळत होती, तिच्या डोक्यात तसलं काही नसेल. नसेलच. पण आठ दिवस रोज फोन. मी जिन्यावर, आणि ते दोघं दहावर उघडायचं की अकरावर, ते ठरवत.

आज त्यानं मला दहा खरे सांगितले होते. पत्त्यांत तो कधीच खोटं बोलला नव्हता. मी विश्वास ठेवला असता तर डाव माझा होता. पण त्या दुपारी त्यानं लपवलेलं होतंच, आणि माझ्या डोळ्यांनी ते बरोबर पकडलं होतं. फक्त चुकीच्या पानावर बोट ठेवलं.

"मग एवढंच?" मी विचारलं. गॅस बारीक केला. "नांदेडचं, आणि मी बघते त्याचं. एवढंच आहे ना?"

"एवढंच."

"अजून काही नाही?"

"अजून काय असणार, देवू?"

मी मान हलवली. ताटल्या काढल्या. तीन. कोथिंबीर हातानंच तोडली. माझ्या पाठीमागं माठाचं झाकण वाजलं, ओगराळं बुडलं. रागू ओट्याखालून बाहेर आली आणि तिनं माझा पदर ओढला. बोट ओठांवर होतंच तिचं. मी खाली वाकले. तिनं माझ्या कानाला तोंड लावलं, तिचा श्वास गरम होता, आणि आमच्या गुपिताच्या आवाजात तिनं विचारलं,

"आई, पत्ते तर आजोबांनी डब्यात ठेवून दिले. मग बाबा काहून पाणी पिऊन राहिले? आता त्यांच्याकडं कोणतं पान आहे?"